सॅमन दिसतोय, पण गळाला लागत नाही: आमिष बदलण्याआधी काय तपासायचं

सॅमन गरवणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाची ही तक्रार असते. डोहात मासा उसळताना डोळ्यांना दिसतो, बोटीवर असाल तर सोनारवर खुणा उमटत असतात, शेजारच्याचा रॉड वाकतो, आणि आपली लाइन मात्र ढिम्म. मग डबा उघडतो. गुलाबी काढून नारिंगी, नारिंगी काढून हिरवं, गाभोळी काढून कोळंबी. तासाभरात डब्यातलं सगळं पाण्यात बुडवून झालेलं असतं. पुढच्या खेपेला नवी आमिषं विकत घ्यायची आणि तोच खेळ पुन्हा मांडायचा.

सॅमन लागत नाही तेव्हा मी रंग सगळ्यात शेवटी बदलतो. आधी खोली, मग आमिषाची चाल, मग लीडरची, म्हणजे गळाला बांधलेल्या शेवटच्या दोरीच्या तुकड्याची, लांबी, मग आकार. एवढं करूनही काही झालं नाही तर रंग आणि वास. आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन गोष्टी एकदम बदलल्या आणि मासा लागला, तर कशामुळे लागला ते कळत नाही, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

हा क्रम असाच का, ते समजायला सॅमनच्या पोटापासून सुरुवात करावी लागेल.

मासा भुकेला आहे का?

समुद्रातला सॅमन खादाड असतो. हेरिंग, अँकोव्ही हे छोटे मासे, माकूळ, क्रिल, जे मिळेल ते खाऊन अंगावर चरबी चढवत असतो. तोच मासा अंडी घालायला नदीत शिरला की खाणं जवळजवळ बंद करतो. पोट आक्रसतं, सगळी शक्ती गाभोळीकडे आणि वरच्या प्रवासाकडे वळते. म्हणजे समुद्रात तुम्ही भुकेल्या माशाला जेवण दाखवत असता, आणि नदीत न खाणाऱ्या माशाला चिडवत असता किंवा त्याची जुनी सवय जागी करत असता. नदीत तो तोंड उघडतो ते रागाने, कुतूहलाने किंवा सवयीने. गाभोळीचा गोळा तोंडात धरून चिरडतो आणि सोडून देतो, ही नदीतल्या सॅमनची नेहमीची वागणूक. म्हणून समुद्रात लागू पडलेली मांडणी नदीत उचलून नेली की निराशा ठरलेली.

इथे खारं पाणी की गोडं पाणी हा मुद्दा नाही, हे लक्षात घ्या. अमेरिकेतल्या ग्रेट लेक्समध्ये मिशिगन राज्याने १९६६ मध्ये कोहो आणि १९६७ मध्ये चिनूक या सॅमनच्या जाती सोडल्या. तिथे अलवाइफ नावाच्या छोट्या माशांचा सुळसुळाट झाला होता, त्यांच्यावर हे सॅमन पोसले गेले. त्या सरोवरांचं पाणी गोडं, तरी तिथला सॅमन भुकेला असतो आणि समुद्रातल्यासारखाच आमिषावर तुटून पडतो. मासा चरतोय की वर निघालाय, एवढंच पाहायचं. अंगावर चांदीसारखी लकाकी आणि सहज गळून पडणारे खवले असतील तर तो समुद्रातून नुकताच आलाय आणि चिडवण्याला चांगला दाद देतो. अंग काळपट-तांबूस झालं, जबडा वाकला, की त्याचं लक्ष फक्त अंडी घालण्याच्या जागेकडे. अशा माशाच्या मागे लागूच नये. त्याला त्याचं काम करू द्यावं.

जात कोणती हेही पाहायला हवं. सॉकाय आयुष्यभर बहुतांशी प्लवंगांवर जगतो, त्यामुळे पाच-सहा इंची हेरिंगकडे तो ढुंकूनही पाहत नाही. त्याला छोटं, हळू चालणारं, बहुधा गुलाबी काहीतरी लागतं. पिंकचंही तसंच: लहान, गुलाबी, सावकाश. कॅनडातल्या फ्रेझर नदीत पिंकची मोठी झुंड विषम वर्षांतच येते, तेव्हा सम वर्षात तिथे पिंकसाठी आमिष निवडत बसण्यात अर्थ नाही. कोहो चपळ, पाठलाग करणारा आणि उतावळा. चिनूक जड, खोल राहणारा, पहाटेच्या अंधुक उजेडात सगळ्यात बिनधास्त. अटलांटिक सॅमनची गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येतो.

खोली: दहातल्या बहुतेक तक्रारी इथेच संपतात

नदीत सॅमन तळाला धरून असतो आणि आमिष घ्यायला थोडा वर उठतो. खाली डोकं घालून दगडांत आमिष शोधत बसत नाही. म्हणून आमिष त्याच्या डोळ्यांसमोर किंवा किंचित वर हवं, तळापासून साधारण एक-दीड फूट. त्यापेक्षा फार वर गेलं तर तो उठायचे कष्ट घेत नाही, आणि तळाला घासलं तर दगड लागतात, मासा लागत नाही.

फ्लोट, म्हणजे पाण्यावर तरंगणारी खूण, लावून गरवत असाल तर फ्लोटच सगळं सांगतो, फक्त त्याच्याकडे पाहायला हवं. नदीचं पाणी वर वेगाने आणि तळाशी हळू वाहतं. फ्लोटचं टोक प्रवाहाच्या दिशेने झुकलं असेल तर खालचं शिसं तळाला घासून मागे रेंगाळतंय: खोली जास्त झाली, लाइनवरची फ्लोटला अडवणारी गाठ खाली सरकवा. टोक वरच्या अंगाला, म्हणजे प्रवाहाच्या उलट झुकलं असेल तर तुमच्याच लाइनने त्याला मागे ओढून धरलंय: लाइन पाण्यावरून उचलून वरच्या अंगाला टाका आणि फ्लोटला मोकळं जाऊ द्या. फ्लोट ताठ उभा, पाण्याच्याच चालीने सरकतोय, म्हणजे मांडणी बरोबर आहे. डोहाची खोली माहीत नसेल तर उथळपासून सुरू करा, प्रत्येक फेकीला गाठ अर्धा फूट वर सरकवत फ्लोट घासायला लागेपर्यंत खोल जा, मग एक फूट उथळ या. या सगळ्याला पाच मिनिटं लागतात, आणि आमिष बदलत घालवलेल्या सकाळपेक्षा ती पाच मिनिटं मोलाची ठरतात.

फ्लोट आणि शिसं यांची जोडी जमलेली हवी. पाऊण औंसाच्या फ्लोटला पाऊण औंसाच्या जवळपासचंच शिसं. शिसं फार हलकं असेल तर फ्लोट वर डुचमळत राहतो आणि हलका चावा कळतच नाही. शिशाच्या खालचा लीडर दीड ते अडीच फूट. पाणी नितळ असेल तेव्हा लांब, गढूळ आणि जोराचं असेल तेव्हा आखूड.

तळाला टपटपत जाणाऱ्या मांडणीत, ज्याला ड्रिफ्ट म्हणतात, वजनाचा अंदाज हाताने घ्यायचा. शिसं दर दोन-तीन फुटांवर तळाला एकदा टेकून उचललं गेलं पाहिजे: टक… टक… टक. सतत खरडल्यासारखं जाणवत असेल तर वजन जास्त आहे, आणि लवकरच ते दगडात अडकणार. काहीच जाणवत नसेल तर आमिष माशांच्या डोक्यावरून चाललंय. डोह बदलला की वजनही बदलावं लागतं, कधी कधी एकाच डोहाच्या तोंडाशी आणि शेपटाला वेगवेगळं. ज्याला वजन बदलायचा कंटाळा येतो त्याची शिशी दगडांत जातात आणि दिवसही. शिसं मुख्य लाइनपेक्षा कमी ताकदीच्या तुकड्याने बांधा, म्हणजे अडकलं तरी फक्त शिसं तुटेल आणि बाकीची मांडणी हातात राहील.

समुद्रात आणि सरोवरात डाउनरिगरचा, म्हणजे केबलला जड गोळा लावून आमिष खोल नेणाऱ्या यंत्राचा, आकडा फसवा असतो. काउंटर १०० फूट दाखवतो ती केबलची लांबी, खोली नव्हे. पाण्याच्या ओढीने गोळा मागे जातो. केबल सरळ उभी न राहता ४५ अंशांत मागे झुकली असेल तर १०० फूट सोडूनही गोळा जेमतेम ७० फुटांवर असतो. ३० अंशांत असेल तर साधारण ८७ फुटांवर. म्हणजे ९५ फुटांवरचा चिनूक तुमचं आमिष पाहतसुद्धा नाही. गोळा जड घ्या किंवा जास्त केबल सोडा, पण कोनाकडे पाहिल्याशिवाय आमिषाला दोष देऊ नका. कोहो बहुतेकदा वरच्या दहा-पंधरा मीटरांत असतो. चिनूक पहाटे वर आणि ऊन चढलं की खाली, कित्येकदा अगदी तळाजवळ. सरोवरात तापमान महत्त्वाचं: वरचं कोमट आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं, त्या पट्ट्यात चिनूकला मानवणारं १० ते १३ अंश सेल्सिअसचं पाणी शोधा.

चाल: आमिष पाण्यात कसं फिरतंय

खोली जमली तरी मासा घेत नसेल तर मी आमिष बोटीच्या कडेला, डोळ्यांना दिसेल एवढ्या पाण्यात, ओढून पाहतो. खाली सोडण्याआधी दर वेळी हे करायचं, अपवाद नाही. कडेला जे नीट फिरत नाही ते शंभर फुटांखालीही फिरत नाही.

कापलेल्या हेरिंगचं उदाहरण घेऊ, कारण तिथे सगळ्यात जास्त गफलत होते. मासा पूर्ण वितळू देऊ नका. किंचित कडक असताना धारदार सुरीने कापला तर काप स्वच्छ येतो. वितळून लिबलिबीत झाला की कडा फाटतात आणि फिरणं बिघडतं. काप कल्ल्यांच्या झाकणामागून सुरू होतो आणि दोन बाजूंनी तिरका असतो. पाठीकडून पोटाकडे येताना सुरी मागे झुकते, आणि त्याच वेळी एका कुशीकडून दुसऱ्या कुशीकडेही ती आडवी तिरपी असते. या दुहेरी तिरकेपणामुळेच पाणी कापावर आदळून मासा गिरक्या घेतो. सरळ आडवा कापला तर तो नुसता ओढला जातो. तिरकेपणा जास्त ठेवला की गिरकी घट्ट आणि जलद, कोहोला आवडते तशी. कमी ठेवला की मोठी, सावकाश लोळण, चिनूकला मोहात पाडणारी. आतडी काढून पोकळी मोकळी करा. पुढचा गळ पोकळीतून आत घालून कण्याजवळून बाहेर काढा. कण्याचा आधार नसेल तर पहिल्याच ओढीला मांस फाटतं. मागचा गळ कुशीत शेपटीकडे टोचा किंवा मोकळा सोडा, दोन्ही चालतं. आता कडेला ओढून पाहा. जखमी मासा धडपडत, पण एकाच आसाभोवती फिरताना दिसला पाहिजे. गोल गोल फेर धरून भटकत असेल तर पुढच्या गळाची जागा चुकली. वाकून फिरत असेल तर दोन गळांमधली लाइन जास्त ताणली गेली, थोडी सैल करा.

हेरिंग किंवा अँकोव्ही मऊ पडून सारखी गळत असेल तर आदल्या रात्री गार पाण्यात आयोडीन नसलेलं जाडं मीठ घालून त्यात बुडवून ठेवा. मांस घट्ट होतं आणि खवल्यांची चमक टिकते. खवले उडालेलं आमिष मी वापरत नाही. पाण्यातल्या चमकेचं अर्धं काम ते खवलेच करतात.

मूचिंगमध्ये, म्हणजे केळ्याच्या आकाराचं शिसं लावून आमिष सोडण्या-उचलण्यात, लीडर सहा-आठ फुटांचा असतो. बोट जवळजवळ थांबलेली असताना लाइन अगदी उभी राहिली तर आमिष फिरतच नाही. थोडा तिरपा कोन हवा, त्यासाठी वजन कमी-जास्त करा.

ट्रोलिंगमध्ये, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढण्यात, वेग हीच चाल. चिनूकसाठी साधारण ताशी दोन ते अडीच मैल, कोहोसाठी अडीच ते साडेतीन, सॉकायसाठी दीडच्या आसपास किंवा त्याहून कमी. पण जीपीएस जमिनीच्या मानाने वेग सांगतो आणि आमिष पाण्यातून चालतं. प्रवाहाविरुद्ध दोन मैल आणि प्रवाहाबरोबर दोन मैल यांत आमिषाच्या दृष्टीने जमीन-अस्मानाचा फरक. वेग बरोबर आहे की नाही हे विचारायचा सोपा मार्ग म्हणजे वळण घेणं. बोट वळते तेव्हा बाहेरच्या बाजूच्या लाइन्स वेग घेतात आणि वर येतात, आतल्या हळू होऊन खाली बसतात. मासा बाहेरच्या रॉडला लागला तर वेग वाढवा. आतल्या रॉडला लागला तर वेग कमी करा किंवा खोल जा. मासा स्वतःच उत्तर देतो आणि त्यासाठी काही खर्च करावा लागत नाही.

प्लग, म्हणजे माशाच्या आकाराचं कडक कृत्रिम आमिष, एका बाजूला पळत असेल तर त्याच्या नाकावरची कडी किंचित उलट्या बाजूला वळवा. प्लगच्या डाव्या अंगाला पळतो तर कडी त्याच्या उजवीकडे. अगदी थोडी वळवा, पुन्हा पाण्यात पाहा. आणि स्पिनरचं पातं फिरतंय तोवर तुम्ही कितीही हळू ओढू शकता. बरेच जण फार वेगाने ओढतात. पात्याची थरथर रॉडच्या टोकाला कळत राहिली म्हणजे पुरे.

लीडरची लांबी आणि फ्लॅशर

फ्लॅशरमागे, म्हणजे आमिषापुढे लावलेल्या चकाकत्या पट्टीमागे, काही लागत नाही, असं म्हणणाऱ्याचा लीडर मी आधी मोजून पाहतो. हूचीला, म्हणजे प्लास्टिकच्या माकुळाला, स्वतःची चाल नसते. गोल फिरणारा फ्लॅशर तिला झटके देतो, म्हणून ती जिवंत वाटते. लीडर लांब झाला की झटका तिथवर पोचत नाही आणि हूची मेल्यासारखी मागून येते. कोहोसाठी दोन ते तीन फूट, चिनूकसाठी तीन ते चार फूट, सॉकायसाठी दोन फुटांच्या आतबाहेर. आणि हा लीडर जाड, ताठ हवा, ४० ते ५० पौंडांचा. बारीक, लवचिक लीडर झटका मधेच पिऊन टाकतो. मासा दोरी पाहील या भीतीने इथे बारीक लीडर लावला जातो आणि तिथेच काम बिघडतं.

खरं आमिष किंवा स्पून (चमच्यासारखी धातूची पट्टी) यांना मात्र स्वतःची चाल असते. त्यांना फ्लॅशरचे झटके नको असतात, उलट त्याने गिरकी मोडते. हेरिंग-अँकोव्हीला पाच-सहा फूट किंवा जास्त, स्पूनला चार ते सहा फूट. हूची काढून हेरिंग लावली आणि लीडर तोच ठेवला, तर दोष हेरिंगचा नाही.

लाइनला सारखा पीळ पडत असेल तर स्विव्हल, म्हणजे मधली फिरती कडी, पाहा. स्वस्त स्विव्हल ताण आल्यावर फिरायचं थांबतं. फिरणाऱ्या आमिषाला बॉल-बेअरिंगचं किंवा मण्यांच्या साखळीचंच स्विव्हल लावा. हाताने ओढून धरून फिरवून पाहा, ताणाखाली अडखळत असेल तर टाकून द्या.

आकार, रंग आणि वास

आता कुठे डब्याकडे हात न्यायचा. पाणी किती दूरवर दिसतं यावर आकार ठरवा. गुडघाभर पाण्यातले आपले बूट दिसेनासे झाले असतील तर मोठं, भडक, थरथरणारं: चिनूकसाठी अक्रोडाएवढा गाभोळीचा गोळा, मोठ्या पात्याचा स्पिनर. पाणी काचेसारखं असेल तर अंगठ्याच्या नखाएवढी गाभोळी, छोटं पातं, मंद रंग आणि १० ते १२ पौंडांचा फ्लुरोकार्बन लीडर. हिरवट, चार-पाच फुटांपर्यंत दिसणारं पाणी मिळालं तर रंगाचा विचारही करू नका, फक्त आमिष पाण्यात ठेवा.

रंगाबद्दल भौतिकशास्त्र एवढंच सांगतं की पाण्यात लाल प्रकाश सगळ्यात आधी शोषला जातो. काही मीटरांवर साधा लाल रंग राखाडी-काळा दिसतो. हिरवा आणि निळा खोलवर टिकतात. फ्लुरोसंट गुलाबी किंवा नारिंगी मात्र निळ्या-हिरव्या प्रकाशातही उठून दिसतात, म्हणून सॉकायच्या गुलाबी हूचीला अर्थ आहे. खूप खोल किंवा पहाटेच्या काळोखात अंधारात चमकणारे ग्लो रंग. याच्या पुढचे रंगांचे बारकावे मला फारसे पटत नाहीत.

वास मात्र खरा मुद्दा आहे. सॅमन वासावरूनच आपली जन्माची नदी ओळखतो, आणि १९५० च्या दशकात कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात झालेल्या प्रयोगांत असं दिसलं की सस्तन प्राण्यांची त्वचा धुतलेलं पाणी वरच्या अंगाला सोडलं की वर चाललेले सॅमन दचकून थांबतात. त्यामागे त्वचेतलं एल-सेरीन नावाचं अमिनो आम्ल होतं. पेट्रोल भरून, सनस्क्रीन चोळून त्याच हातांनी आमिष लावू नये, हे त्यामुळे नुसतं घोकलेलं ज्ञान नाही. बिनवासाच्या साबणाने हात धुवा किंवा पातळ हातमोजे घाला. शेजारी आणि तुम्ही एकच मांडणी, एकच खोली वापरताय आणि फक्त त्यालाच लागतंय, तर त्याचे हात कसे आहेत ते विचारा.

गाभोळीची एक अडचण वारंवार येते: दोन-चार फेकींत ती पांढरी पडते आणि मासा पाहत नाही. रस धुऊन गेला की उरतं ते नुसतं कातडं. पंधरा-वीस मिनिटांनी गोळा बदलाच, तो दिसायला चांगला असला तरी. गळून पडत असेल तर मुरवताना कमी कोरडी केली गेली, किंवा गोळ्याला पडद्याचा भाग धरून ठेवलेला नाही. एग-लूप गाठीच्या फासात तो पडदाच अडकवायचा असतो. मुरवायला बोरॅक्स, मीठ, साखर पुरतं. चिनूकसाठी बरेच जण सोडियम सल्फाइट घालतात. तो जास्त असलेली गाभोळी खाऊन नदीतली सॅमनची पिल्लं मरतात, हे ऑरेगॉनमधल्या अभ्यासात दिसलेलं आहे. पुढच्या पिढीचा मासा हवा असेल तर त्याचा वापर टाळा, आणि उरलेली गाभोळी पाण्यात फेकू नका.

चावतो, पण अडकत नाही

ही वेगळी तक्रार, आणि इथेही आमिष निर्दोष असतं. सगळ्यात आधी गळाचं टोक अंगठ्याच्या नखावर ओढून पाहा. घसरलं तर बोथट, रुतलं तर धारदार. दगडांवर टपटपत गेलेला गळ अर्ध्या तासात बोथट होऊ शकतो.

मूचिंगमध्ये चिनूक खालून येऊन आमिष उचलतो, त्यामुळे रॉड वाकण्याऐवजी लाइन एकदम सैल पडते. बरेच जण आमिष तळाला टेकलं समजून थांबतात. थांबू नका, लाइन ताठ होईपर्यंत झपाट्याने रील फिरवा, झटका देऊ नका. फ्लोटवर मात्र उलट: फ्लोट थबकला, तिरका झाला, बुडाला, काहीही झालं तरी लगेच रॉडला झटका मारा. तिथे चावे हुकण्याचं नेहमीचं कारण म्हणजे रॉड आणि फ्लोट यांच्यामधे पाण्यावर पडलेली सैल लाइन. प्लग मागे सोडून गरवताना तर हात रॉडपासून लांबच ठेवा, रॉड पूर्ण वाकून पाण्याकडे झुकेपर्यंत. कोहो आमिषाची शेपटी तोडून नेत असेल तर मागचा गळ आणखी मागे न्या.

गळाचा प्रकार कित्येक ठिकाणी कायद्याने ठरलेला असतो. ब्रिटिश कोलंबियात सॅमनसाठी बार्बलेस, म्हणजे उलटा काटा नसलेले, गळ सक्तीचे आहेत. कॅलिफोर्नियात हॉर्स माउंटन ते पॉइंट कन्सेप्शन या किनाऱ्यावर ट्रोलिंग न करता आमिष लावून गरवायचं तर बार्बलेस सर्कल हुकच (टोक आत वळलेले गोल गळ) लागतात, कारण साधा गळ मासा पोटात गिळतो आणि सोडला तरी जगत नाही. सर्कल हुकला झटका दिला की तो तोंडातून निसटतो. नुसतं रील फिरवत राहायचं, तो आपणहून जबड्याच्या कोपऱ्यात बसतो. बार्बलेस गळावर मासा सुटतो तो बहुधा लाइन क्षणभर सैल सोडल्याने.

सॉकायबद्दल एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. नदीत तो फारसा चावत नाही, म्हणून फ्रेझरवर खूप लांब लीडर लावून तळाला घासत नेण्याची पद्धत रुजली. त्यात लाइन माशाच्या उघड्या तोंडातून सरकते आणि गळ बाहेरून जबड्यात घुसतो. मासा आमिष घेतच नाही, तेव्हा आमिष निवडायचा प्रश्नच उरत नाही. हे गरवणं नव्हे, असं माझं मत आहे. बाकीच्या जातींचे मासेही त्यात सापडतात.

अटलांटिक सॅमनसाठी कॅनडातल्या क्वेबेक, न्यू ब्रन्सविक, न्यूफाउंडलंड इथल्या बहुतेक नद्यांवर फक्त कृत्रिम फ्लाय, म्हणजे गळावर पिसं-धागे बांधून केलेली माशी, चालते. तोही नदीत खात नाही, आणि तिथेही क्रम हाच: पाणी १० अंशांखाली गार असेल तर बुडणारी लाइन, मोठी फ्लाय, सावकाश. कोमट झालं की तरंगती लाइन आणि छोटी फ्लाय. मासा उसळून फ्लायपाशी आला आणि न घेता फिरला, तर पाच-दहा मिनिटं त्याला शांत सोडा आणि मग एक माप लहान फ्लाय त्याच जागेवरून न्या. पाणी २० अंशांच्या वर गेलं की कुठल्याच मांडणीचा उपयोग नाही. मासा दमलेला असतो, पकडून सोडला तरी मरू शकतो, आणि अनेक नद्या अशा वेळी बंदच ठेवतात. पहाटेच्या गारव्याची वाट पाहा किंवा दुसरा दिवस निवडा.

आणि मासा लागून सुटला असेल, तर पुढची फेक टाकण्याआधी लीडरचे शेवटचे दोन फूट बोटांच्या चिमटीतून ओढा. खरखर लागली तर तेवढा भाग कापून गाठ नव्याने बांधा, आवळण्याआधी ती थुंकीने ओली करा. कोरडी आवळलेली गाठ घर्षणाने तापते आणि त्याच ठिकाणी तुटते.